येसू नाईक सुट्टीवर आहे

"आई, येसू नाईक मेलाय का?"

सावनी दारातच उभी होती. कोपरापर्यंत चिखल, कपाळावर चिखलाचं बोट आणि हातात वीतभर उंचीचा मातीचा माणूस. मृण्मयी करंज्यांचं सारण परतत होती. तिने गॅस बारीक केला. आधी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग सवयीने तिच्या मनगटावरच्या पट्टीकडे. पट्टीवरचा ठिपका पिवळा होता. हिरवा नव्हता, पण अजून तांबडाही झाला नव्हता.

"कोण म्हणालं असं?"

"सगळेच. अद्वय, रुंजी, शौनक. ते म्हणतात, ह्याला किल्ल्यात ठेवायचं नाही, हा थर्ड सीझनमध्येच मेला."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, तो सुट्टीवर आहे. गावाला गेलाय. तर सगळे हसले. शौनक तर लोळलाच मातीत."

मृण्मयीने उगाचच सारण पुन्हा ढवळलं. "आधी हात धुऊन ये."

"मेलाय का ते सांग ना."

"हात धू, मग बोलू."

सावनी तशीच बघत राहिली. सुई अजिबात दुखणार नाही म्हणणाऱ्या नर्सकडे बघावं, तसं. मग तिने मातीचा माणूस ओट्यावर पिठाच्या डब्याशेजारी ठेवला. तांबड्या चिंधीचं पागोटं, हातात भाल्याऐवजी टूथपिक. "उद्या वसुबारस आहे. आज संध्याकाळी किल्ल्यावर सगळी मातीची चित्रं मांडायची ठरलीयेत. खरं काय ते कळल्याशिवाय मी खाली जाणार नाही," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

'बाराकोटांची बखर' ही मूळची सात खंडांची कादंबरी. भूगोलाच्या एका निवृत्त मास्तरांनी बावीस वर्षं खपून लिहिलेली. बारा किल्ले, बारा घराणी, आणि प्रत्येक किल्ल्याच्या दरवाजावर कोरलेला दगडी शरभ, सिंहासारखा पुराणातला पशू. एका वर्षी पाऊस येत नाही आणि ते शरभ दगडातून बाहेर पडायला लागतात, अशी सुरुवात. मृण्मयीने कॉलेजात असताना ती झपाटल्यासारखी वाचली होती. जेवताना पुस्तक समोर धरून, आईच्या शिव्या खात. येसू नाईक हा धूम्रकोटाचा द्वारपाल. चार ओळींत येऊन जाईल असं वाटणारं पात्र, पण मास्तरांचा त्याच्यावर जीव असावा. तिसऱ्या खंडात तो मरतो. कसा मरतो, ते मृण्मयीला अजूनही जवळजवळ पाठ होतं.

तीन वर्षांपूर्वी बखरीची मालिका आली, आणि तीही 'सूत्रधार'वर.

पूर्वी मालिका एकदाच चित्रित व्हायची आणि गावभर सगळ्यांना तीच दिसायची. सूत्रधार मालिका दाखवत नसे. तो ती रचत असे, बघणाऱ्याच्या समोर, त्या क्षणाला. माणूस घाबरतो ते त्याच्या मनाला कळायच्या आधी शरीराला कळतं. डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते, नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, तळव्याला दिसणारही नाही इतका घाम येतो. मनगटावरची पट्टी आणि बघायच्या चष्म्यातला कॅमेरा हे सगळं सेकंदाच्या आत टिपत. पुढच्या प्रसंगाचे चार-पाच खर्डे यंत्राकडे तयारच असत. कुणाला रक्त दाखवायचं, कुणाला नुसती सावली आणि कुणाला थेट दुसऱ्या दिवशीची सकाळ, हे तेवढ्यात ठरे.

गोष्ट अगदीच भरकटू नये म्हणून कर्त्यांनी काही घटना पक्क्या ठोकून ठेवल्या होत्या. त्यांना ते खुंट्या म्हणत. खुंटी हलायची नाही, दोन खुंट्यांमधला दोर मात्र हवा तसा वळवायचा. अपवाद एकच. लहान मुलांसाठी पालकांनी एक ते दहा अशी भयमर्यादा ठरवायची आणि ती तीनच्या खाली असली, तर यंत्राला खुंटीही उपटायची मुभा होती.

सावनीची मर्यादा दोन होती.

ही गोष्ट मृण्मयीशिवाय कुणालाच माहीत नव्हती. सोसायटीतल्या आयांच्या गटात हा आकडा परीक्षेच्या टक्क्यांसारखा सांगितला जाई. आमच्या अद्वयची सात, आमची रुंजी आठलासुद्धा हूं की चूं करत नाही. मृण्मयीने सहा सांगितलं होतं. कौस्तुभला, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याला, पाच. पहिल्याच भागात शरभाने दगडातून मान बाहेर काढली, तेव्हा पाच वर्षांच्या सावनीची नाडी दीडशेवर गेली होती आणि नंतर ती दोनदा ओकली होती. त्या दिवशी मृण्मयीने आकडा खाली ओढला तो ओढलाच. पुढे वाढवू, असं दर सुट्टीत ठरायचं.

आणि येसू नाईकाला बघितलं की सावनीची नाडी संथ व्हायची. यंत्राने ते ओळखलं. तिसऱ्या पर्वात नाईक मेला नाही, रजा टाकून गावी गेला. चौथ्यात यंत्र त्याच्या मागोमाग गावी गेलं. नाईकाने विहीर बांधली, शेळ्या पाळल्या, एका शेळीचं बाळंतपण तर दोन भाग चाललं. बारा किल्ल्यांचं युद्ध तिकडे कुठेतरी डोंगरापलीकडे, मेघगर्जनेसारखं, ऐकू येण्यापुरतं उरलं.

मृण्मयी पदराला हात पुसत खाली गेली. सांगलीच्या त्या नव्या सोसायटीत उघडी जमीन अशी नव्हतीच. पार्किंगच्या कोपऱ्यात प्लास्टिक अंथरून त्यावर गोण्यांतून आणलेली माती ओतली होती आणि तिच्यातून धूम्रकोट उभा राहत होता. तटावर हळीव पेरून झाले होते. किल्ल्याला दरवाजे तीन की चार, यावर पोरांची जुंपली होती.

"माझ्यात तीनच आहेत," रुंजी म्हणाली. "चोर दरवाजा नाहीच्चे."

"तुझी आई तुला दाखवत नसेल," शौनक म्हणाला.

"हात वर करा. चार दरवाजे कुणाकुणाच्यात आहेत?" अद्वयने हात मोजले. "पाच. झालं. चार दरवाजे."

असा तो किल्ला बहुमताने बांधला जात होता. बुरुज, तळं, फाशीचा कडा, सगळं हात वर करून. मृण्मयीला एरवी हसू आलं असतं. ती खाली बसली. "काय रे, सावनीचा नाईक का नको तुम्हाला?"

"काकू, तो डेड आहे," अद्वय समजावणीच्या सुरात म्हणाला. "आम्ही हात वर केले ना. सगळ्यांच्यात डेड आहे. फक्त हिच्यात नाही."

"हिच्यात त्याला बकरी झाली," शौनक म्हणाला आणि पुन्हा लोळायच्या बेतात आला.

अद्वयची आई गौतमी वहिनी बाकावर पणत्या रंगवत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "मृण्मयी, तुझी सहा आहे ना गं? सहावर तर मरतोच तो. बघ हं, काहीतरी बिघाड असेल. तक्रार कर."

तिने 'सहा' हा शब्द जरा जास्तच सावकाश उच्चारला, असं मृण्मयीला वाटलं. कदाचित वाटलं नसेल, तसंच असेल.

वर येऊन तिने मदत केंद्राला फोन लावला. पलीकडून गोड, अजिबात न थकणारा आवाज आला. माणसाचा नव्हता. माणसाचा असता तर त्याला चिडता तरी आलं असतं.

"नमस्कार मृण्मयीताई. मी आपली काय मदत करू?"

"माझ्या मुलीच्या बखरीत येसू नाईक जिवंत आहे. तो मेला पाहिजे."

हे बोलल्यावर तिला स्वतःलाच कसंतरी झालं. खोलीचं दार लोटलेलं आहे ना, ते तिने पाहून घेतलं.

"आपण भयमर्यादा वाढवू इच्छिता का?"

"हो. सहा करा."

"झालं. पुढच्या भागापासून मर्यादा सहा असेल."

"पुढच्या भागापासून नको. तो तिसऱ्या पर्वात मरतो, तिथून हवं."

"सावनीच्या आवृत्तीत येसू नाईक हे पात्र आता मध्यवर्ती आहे. एकतीस भाग त्याच्यावर उभे आहेत. ते काढल्यास कथा सलग राहणार नाही."

"मग पुढच्या भागात तरी मारा त्याला."

"सावनीच्या नोंदींनुसार अशा प्रसंगी तिला तीव्र ताण येण्याची शक्यता चौऱ्याण्णव टक्के आहे. सहाच्या मर्यादेत हा ताण बसत नाही. नाईक दीर्घ आजारी पडल्याचं दाखवता येईल. किंवा तो तीर्थयात्रेला जाऊ शकतो."

"अहो, तीर्थयात्रेला कशाला? तिथूनही येईलच ना तो परत."

"परत येण्याची शक्यता खुली ठेवलेली मुलांना आवडते."

"दुसऱ्यांच्या मुलांना दाखवता तेच दाखवा ना हिला."

"दुसऱ्यांची आवृत्ती दाखवण्याची सोय नाही, मृण्मयीताई. प्रत्येक आवृत्ती त्या त्या प्रेक्षकाचीच असते. आणखी काही मदत करू?"

तिने फोन पलंगावर टाकला. एक माणूस मारायला सांगितला, तर आजारी पाडतो म्हणतात. तीन वर्षं हेच यंत्र तिला किती शहाणं वाटायचं. लेकीच्या कपाळावर हात न ठेवता तिची नाडी बघणारं, तिच्याहून जागरूक, तिच्याहून हळवं.

दुपारी कौस्तुभ कारखान्यातून आला. शनिवार, अर्धा दिवस. सावनी हॉलमध्ये पाय पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती. जेवायला बोलावलं तरी उठली नाही.

"काय झालंय हिला?" त्याने स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं.

मृण्मयीने सांगितलं. दोनाचा आकडासुद्धा सांगून टाकला. लपवायचं बळच उरलं नव्हतं.

"दोन," कौस्तुभ म्हणाला. त्याने ताटातली कोशिंबीर एकीकडे सारली. "आणि मला पाच सांगितलंस."

"तू नव्हतास त्या दिवशी. ती ओकत होती आणि तू नाईट शिफ्टला होतास."

"तीन वर्षं काय रोज नाईट शिफ्ट होती का मला?"

"भांडायचं असेल तर नंतर भांड. आत्ता तिला काय सांगू ते बोल."

"खरं सांग. मेला म्हणावं. सगळ्यांचं काहीतरी मरतंच त्या मालिकेत. दुसऱ्या पर्वात तो चिमुरडा राजपुत्र पुरात गेला, तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. आठवतं?"

मृण्मयीच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. "कुठला राजपुत्र?"

"अगं, विजयकोटाचा. चार वर्षांचा तो."

"तो नाही जात पुरात. त्याला कोळीण वाचवते. पुस्तकात जातो तो, मालिकेत बदललंय. मी तेव्हाच मनात म्हटलं होतं, मालिकावाल्यांनी निदान एवढं तरी चांगलं केलं."

कौस्तुभ तिच्याकडे बघत राहिला. दोघं एकाच सोफ्यावर, एकाच वेळी, आपापले चष्मे लावून बखर बघायचे. तो डोळे पुसायचा तेव्हा तिला वाटायचं, राजपुत्र वाचला म्हणून पुसतोय.

"माझ्यात कोळीण नाहीच," तो म्हणाला.

"पण मी मर्यादा लावलीच नाहीये. माझी दहा आहे."

"मर्यादा नसेल लावली. पण पोरांना काही व्हायला लागलं की तू बंद करत असशील."

करत होती. पहिल्या पर्वात दोनदा तिने भाग मध्येच बंद केला होता. यंत्राने एवढं हेरलं होतं आणि मग पुराची खुंटी न हलवता दोर असा काही वळवला होता, की पोराचं मरण तिच्या डोळ्यांना दिसूच नये. तिच्या बखरीत गेल्या तीन वर्षांत एकाही मुलाला ओरखडासुद्धा आला नव्हता. आणि तिला ते कधी खटकलंही नव्हतं. ती ताटावरून उठली.

"जेव तरी," कौस्तुभ म्हणाला.

"तू जेव."

माळ्यावर पुस्तकांचं खोकं होतं. स्टुलावर चढून, नाकातोंडात धूळ घेत तिने तिसरा खंड शोधून काढला. पुठ्ठ्याची पाठ निघाली होती, पण पानं जागेवर होती. ती सावनीजवळ जमिनीवर येऊन बसली.

"हे बघ. खरी बखर ही आहे. मालिका ह्याच्यावरून केलीये. ह्याच्यात जे लिहिलंय ते सगळ्यांना एकच. ते बदलत नाही."

सावनीने मान वळवली. "ह्याच्यात नाईक आहे?"

"आहे."

"मग वाच."

मृण्मयीने पान काढलं आणि वाचायला लागली. सुरुवात सोपी होती. संध्याकाळ, गडावरची माणसं घाईघाईने आत घेतली जाताहेत, नाईक एकेकाची नावं पुकारतोय. एक म्हातारी घरी राहिलेल्या कोंबडीसाठी अडून बसते, तिला तो उचलून आत ठेवतो. सावनी गालातल्या गालात हसली. मृण्मयीचा आवाज मोकळा झाला. मग पान उलटलं, आणि डाव्या बाजूला वरच ते वाक्य होतं. दरवाजा आतून लागत नाही, बाहेरून कुणीतरी ओढून धरल्याशिवाय.

तिने लेकीकडे पाहिलं. पट्टी पिवळी होती, पिवळ्यातही जरा गडद.

"मग नाईकाने दरवाजा ओढून घेतला," ती म्हणाली, "आणि आतल्या लोकांनी कडी लावली. सगळे वाचले. आणि नाईक... तो गडाच्या मागच्या वाटेने खाली उतरला. फार दमला होता. म्हणून तो..."

"आई."

"काय गं?"

"तू बघत नव्हतीस पुस्तकात."

मृण्मयीची नजर पानावर गेली.

"तू माझ्याकडे बघत होतीस," सावनी म्हणाली. "तू पण तेच करतेस."

मृण्मयीला बोलायला खूप काही सुचलं. तू लहान आहेस. तुला काय माहीत तुझी नाडी दीडशेला गेली तेव्हा माझं काय झालं होतं. मी काय यंत्र आहे का. ह्यातलं एकही तोंडाबाहेर पडलं नाही, कारण पोरीने पुस्तक ओढून स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं. मग तिने मनगटावरची पट्टी काढली आणि आईच्या हातात दिली. काढल्याबरोबर ठिपका विझला. आता बघायला काहीच नव्हतं, फक्त चेहरा होता, आणि तोही पुस्तकावर वाकलेला.

"कुठून?"

मृण्मयीने बोट ठेवलं. "इथून."

सावनी इंग्रजी माध्यमात. मराठीचे आठवड्याला दोन तास, त्यातला एक चित्रकलेला जायचा. ती अक्षरावर बोट ठेवून वाचायची, ओढ्यातून दगडांवर पाय देत जावं तशी. एकावर पाय पक्का रोवला की मग पुढचा.

"ना-ई-का-ने. नाईकाने. दा-र. दार. बा-हे-रू-न. बाहेरून. ओ-ढू-न. घे-त-लं."

कौस्तुभ दारात येऊन उभा राहिला होता. 

"आ-तू-न. क-डी. प-ड-ल्या-चा. आवाज. आला. ते-व्हा. तेव्हा. त्या-ला. बरं. वा-ट-लं." सावनीने मान वर केली. "बरं का वाटलं? तो तर बाहेर आहे."

"पुढे वाच," कौस्तुभ म्हणाला.

मृण्मयीने हे पान वीस वर्षांपूर्वी एका दमात वाचलं होतं. मरण दोन ओळींत येऊन गेलं होतं, रडायलासुद्धा ती पान उलटल्यावरच लागली होती. आता तेच मरण एकेका अक्षराने येत होतं. समोर शरभ आला, त्याला चार श्वास लागले. नाईकाने दाराला पाठ लावली. 'पाठ' वाचायला सावनीला वेळ लागला, ती मागे जाऊन पुन्हा 'दाराला'पासून निघाली, म्हणजे त्याने दोनदा पाठ लावली. मृण्मयीला पुढची सगळी वाक्यं माहीत होती. खालून मुलांच्या हाका येत होत्या. कुणीतरी बेल वाजवावी, फोन यावा, दूध उतू जावं, असं तिला वाटत होतं.

"मी वाचू का गं थोडं?"

"नको. मला येतं."

"दमशील."

"आई, थांब ना."

मृण्मयीने हातातली पट्टी घट्ट धरली. सकाळ झाली. आतल्यांनी दार उघडलं. नाईक दाराला टेकून बसला होता. 'टेकून'वर सावनीचं बोट क्षणभर अडलं आणि मग ओळीच्या शेवटापर्यंत सावकाश सरकत गेलं.

"अंग. द-ग-डा-सा-र-खं. दगडासारखं. गा-र. होतं."

ती थांबली. बोट पुढच्या ओळीवर होतं. ओळ तीनच शब्दांची होती आणि तिच्यात कुठलंही जोडाक्षर नव्हतं.

"ना-ई-क. गे-ला. हो-ता."

 मृण्मयी लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तिला त्यातलं काहीही वाचता येत नव्हतं. सावनीच्या नाकपुड्या थरथरल्या. एक थेंब पुस्तकावर पडला, तिने तो तळव्याने पुसला, कागदावर धुळीचा पुसट ओरखडा उठला. मग तिने पुन्हा त्याच ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं.

"नाईक गेला होता," ती म्हणाली. या वेळी एकदाही न अडखळता.